समुद्राजवळच्या घराला गटाराची जाळी कुठल्या धातूची घालावी?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा. मालवणजवळ, किनाऱ्यापासून तीनेकशे मीटरवर घर आणि त्याला लागून पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधताय. तीन ठिकाणी लांब गटारं काढायची आहेत: एक गेटमध्ये आडवं, गाड्यांच्या वाटेत, दुसरं पडवीसमोर, कौलांच्या पागोळ्या झेलायला, तिसरं बाहेरच्या शॉवरपाशी, जिथे समुद्रावरून आलेले पाहुणे वाळूचे पाय धुणार. फॅब्रिकेटर म्हणतो सगळीकडे एस.एस. ३०४ (स्टेनलेस स्टीलचा एक ग्रेड) घाला, दुकानदार बिडाच्या जाळ्या दाखवतो आणि गवंडी म्हणतो पट्टीची जाळी मारून काळा रंग द्या, इथे सगळे तेच करतात. ऐकायचं कुणाचं?

तिघांच्या डोक्यात तीन वेगळी गटारं आहेत, घोळ तिथे आहे. फॅब्रिकेटरला शॉवर दिसतोय, दुकानदाराला गेट, आणि गवंड्याला तुमचं बजेट. माझं उत्तर आधीच सांगून टाकतो: गेटमध्ये एस.जी. आयर्नची (न तुटता वाकणाऱ्या बिडाची) किंवा जाड पट्टीची हॉट डिप गॅल्वनाइज्ड (वितळलेल्या जस्तात बुडवलेली) जाळी, पडवीसमोर साधी हॉट डिप, आणि शॉवरला एस.एस. ३१६, म्हणजे मीठ जास्त सोसणारा ग्रेड. ३०४ कुठेच नको. आणि तिन्ही ठिकाणी पहिला पैसा फ्रेमवर घाला, उरेल तो जाळीवर.

फ्रेमचं आधी का, ते सांगतो. जाळी सुटी असते. दहा-पंधरा वर्षांनी खराब झाली तर उचलायची आणि त्याच मापाची नवी बसवायची, अर्ध्या दिवसाचं काम. फ्रेम मात्र काँक्रीटमध्ये गाडलेली. ती गंजली की गंज मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आणि ती जागा तो काँक्रीटची कड फोडून मिळवतो. मग कडेची लादी किंवा चिरा सुटतो, फट पडते, फटीतून पाणी शिरतं, आणि पुढच्या पावसाळ्यात जाळी चाकाखाली खडखडायला लागते. तेव्हा दुरुस्ती म्हणजे अंगण फोडणं. तरी बहुतेक कोटेशनमध्ये जाळी एस.एस.ची आणि फ्रेम साध्या एम.एस. (साधं लोखंड, माइल्ड स्टील) अँगलची, वर एक हात रेड ऑक्साइडचा, असाच प्रकार दिसतो. दिसणारी वस्तू भारी आणि न दिसणारी हलकी. तुमच्या कोटेशनमध्ये तसं असेल तर आधी ते बदलून घ्या.

आता मिठाकडे येऊ. आपल्याकडे सर्वसाधारण समज असा की लोखंड पावसाळ्यात गंजतं. पावसाळ्यात ओल असते हे खरं, पण धो धो पाऊस मीठ धुऊनही नेतो. ऑक्टोबर ते मे हा काळ जास्त वाईट. दुपारी खारे वारे सुटतात, बारीक मीठ आणून टाकतात, पहाटे दव पडतं आणि मीठ ती ओल धरून ठेवतं. सात-आठ महिने हे चालू, धुवायला कुणी नाही. म्हणून उघड्यावरची जाळी वरून ठीक दिसते आणि उलटी केली की खालून पापुद्रे निघतात. फ्रेमचा आतला कोपरा, जिथे जाळी टेकते, तिथे मीठ, जांभ्याची लाल माती आणि कुजलेला पाला यांचा एक ओला थर बारा महिने बसलेला असतो. पहिला गंज तिथेच धरतो.

यावर आकडे उपलब्ध आहेत. आयएसओ ९२२३ या मानकात धातू किती गंजवते त्यावरून हवेचे वर्ग केलेत, सगळ्यात सौम्य सी१ ते कडक सी५ आणि त्याच्याही वर सीएक्स. सी५ हवेत जस्ताचा थर वर्षाला ४.२ ते ८.४ मायक्रॉन (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) झिजतो. सी४ मध्ये २.१ ते ४.२. किनाऱ्यापासून तीनशे मीटरवर, मध्ये दाट माडबाग किंवा टेकाड नसेल, तर मी सी५ धरूनच चालतो. सहा मिलिमीटर किंवा त्याहून जाड लोखंडाला नीट हॉट डिप केलं तर जस्ताचा थर सरासरी ८५ मायक्रॉन बसतो. भागाकार करा: दहा ते वीस वर्षं. हेच घर कुडाळ-कणकवलीकडे असतं तर तीच जाळी याच्या दुप्पट सहज टिकली असती. अर्थात हा हिशोब हवेतल्या झिजेचा आहे. कुजत्या पाल्याखाली जस्त त्याहून लवकर जातं, म्हणून मी वरचा आकडा धरत नाही, खालचा धरतो.

त्याच मापाने गवंड्याचा काळा रंग बघा. रंग सपाट भागावर जाड बसतो आणि धारेवर पातळ होतो. जाळी म्हणजे नुसत्या धारा. रेड ऑक्साइड आणि वर एनॅमल, एवढ्यावर किनाऱ्याजवळ दुसरा पावसाळा संपेपर्यंत धारांवर तांबडी रेघ उठते. पावडर कोटिंग दिसायला छान, पण एक खरचटा पडला की कोटिंगच्या खालून गंज सरकत जातो आणि ते पापडासारखं सुटतं. हॉट डिपच्या वर इपॉक्सी आणि पॉलियुरेथेनचे हात दिले तर मात्र दोन्ही एकमेकांना सांभाळतात आणि आयुष्य बरंच वाढतं. फ्रेमला हे जरूर करा, विशेषतः जाळी टेकते त्या खाचेला.

हॉट डिप म्हणजे काय हे नीट समजून घ्या, कारण फसवणूक इथे सगळ्यात जास्त होते. तयार झालेली पूर्ण जाळी आम्लात धुऊन साधारण ४५० अंश सेल्सिअसच्या वितळलेल्या जस्तात बुडवतात. जस्त लोखंडाशी मिश्रधातू बनवून चिकटतं, नुसतं वर बसत नाही. बाजारात मात्र ‘जी.आय.’ (गॅल्वनाइज्ड आयर्न, जस्त चढवलेलं लोखंड) या एका शब्दाखाली तीन-चार वस्तू फिरतात. एक, जी.आय. पट्टी आणून वेल्डिंग केलेली जाळी: वेल्डिंगच्या प्रत्येक सांध्यावर जस्त जळून गेलेलं, म्हणजे नेमका सांधाच उघडा. दोन, झिंक प्लेटिंग: चकचकीत, गुळगुळीत, पण थर साधारण पाच ते बारा मायक्रॉनचा, आपल्या हवेत दोन वर्षंही निघणं कठीण. तीन, चंदेरी रंगाचा स्प्रे, ज्याला ‘कोल्ड गॅल्वनायझिंग’ असं भारदस्त नाव आहे. स्प्रेमध्ये झिंक भरपूर असेल तर तो डागडुजीला उत्तम. पण त्यालाच जाळीचं संरक्षण म्हणून विकत असतील तर दुकान बदला.

ओळखायचं कसं? खऱ्या हॉट डिपचा पृष्ठभाग थोडा ओबडधोबड असतो, कोपऱ्यांत जस्ताचे ओघळ दिसतात, आणि सांध्यांवरही तोच राखाडी थर असतो. पण डोळ्यांवर विसंबू नका. थराची जाडी मोजायचं छोटं यंत्र मिळतं, कुठल्याही बऱ्या पेंट कंत्राटदाराकडे असतं. माल उतरवून घेताना चार-पाच ठिकाणी टेकवा. बिलावर ‘आयएस ४७५९ प्रमाणे हॉट डिप’ असं लिहून घ्या, हे त्याचं भारतीय मानक. त्या मानकात पाच मिलिमीटर किंवा त्याहून जाड लोखंडाला चौरस मीटरमागे ६१० ग्रॅम जस्त सांगितलंय, ते साधारण ८५ मायक्रॉनच होतं. पट्टी पातळ असेल तर थरही पातळ बसतो, हा भौतिकशास्त्राचा भाग आहे, कारखानदाराची लबाडी नव्हे. तीन मिलिमीटरच्या पट्टीऐवजी पाच मिलिमीटरची घ्या असं मी म्हणतो त्यामागे ताकदीइतकंच हेही कारण आहे.

डिपिंगची टाकी आपल्या तालुक्याच्या गावी नाही. माल पुण्या-मुंबईकडे पाठवावा लागतो, भाडं पडतं, दोन-तीन आठवडे जातात. म्हणून इथला फॅब्रिकेटर टाळाटाळ करतो, त्याचंही चूक नाही. उपाय असा की सगळ्या जाळ्या आणि सगळ्या फ्रेमा एकाच वेळी बनवून एकाच खेपेत पाठवायच्या. त्यासाठी मापं आधी पक्की हवीत. डिप झाल्यावर साइटवर कापाकापी आणि वेल्डिंग पूर्ण बंद. ‘साहेब, जरा एक इंच कमी करतो’ म्हणून ग्राइंडर चालला की तिथे उघडं लोखंड आलं. अगदीच टळत नसेल तर कापलेल्या तोंडाला झिंक-रिच पेंटचे दोन जाड हात. फ्रेमला कुठे चौकोनी पाइप वापरला असेल तर त्याला डिपिंगआधी भोकं हवीत. बंद पोकळीत अडकलेली ओल वितळलेल्या जस्तात वाफ होऊन स्फोट करते. गॅल्वनायझिंगवाला तो माल तसाही परत पाठवेल, पण तुमचे दिवस जातील. आणखी एक: माल आल्यावर ओल्या गोणपाटाखाली थप्पी मारून ठेवू नका, जस्तावर पांढरा भुगा धरतो. मध्ये फळ्या घालून, वारा लागेल असा ठेवा.

आता स्टेनलेस. स्टेनलेसला गंज लागत नाही असं म्हणणाऱ्याने समुद्रकिनाऱ्यावरच्या हॉटेलांची रेलिंगं पाहिलेली नसतात. क्रोमियममुळे पृष्ठभागावर एक अतिशय पातळ ऑक्साइडचा थर तयार होतो, तोच संरक्षण. मिठातलं क्लोराइड हा थर टिंबाटिंबाने फोडतं. ३०४ मध्ये सुमारे १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं, शहरातल्या स्वयंपाकघराला पुरेसं. ३१६ मध्ये त्याशिवाय २ ते ३ टक्के मॉलिब्डेनम असतं, आणि क्लोराइडला अडवण्याचं काम मुख्यतः ते करतं. तुमच्या जागी ३०४ ची जाळी वर्षभरात चहा सांडल्यासारखी तपकिरी डागाळेल. मोडणार नाही, लगेच भोकंही पडणार नाहीत, पण ज्या दिसण्यासाठी तिप्पट-चौपट पैसे मोजले तेच जाईल. मग त्यापेक्षा गॅल्वनाइज्ड काय वाईट?

त्याहून खाली २०२ आहे. आपल्या बाजारात ‘एस.एस.’ म्हणून जे स्वस्त विकलं जातं त्यातलं पुष्कळसं २०० मालिकेतलं असतं, निकेल कमी करून मँगनीज घातलेलं. पॉलिश केल्यावर २०२, ३०४ आणि ३१६ सख्खी भावंडं दिसतात. लोहचुंबक लावून बघायची पद्धत आहे, पण तिचा इथे उपयोग नाही. तिन्ही जवळजवळ सारखीच वागतात. खात्रीचा मार्ग म्हणजे मिल टेस्ट सर्टिफिकेट (पोलाद कारखान्याचा तपासणीचा दाखला) मागणं आणि त्यावरचा हीट नंबर, म्हणजे त्या घाण्याचा क्रमांक, मालावरच्या नंबराशी जुळवणं. स्वस्त मार्ग म्हणजे मॉलिब्डेनम ओळखणारं द्रावण: थेंब टाकायचा, छोट्या बॅटरीच्या तारा लावायच्या, मॉलिब्डेनम असेल तर रंग बदलतो. भंगारवाल्यांकडे ही बाटली असते. मोठी ऑर्डर असेल तर एक्स-रे गनने तपासून देणारे लोक मिळतात, एका जाळीसाठी तो खटाटोप नको.

शॉवरलाच ३१६ का सुचवतो? तिथे रोज गोडं पाणी पडतं. स्टेनलेसला वरचेवर धुणं मानवतं, आणि शॉवरखालच्या जाळीला ते आयतं मिळतं. शिवाय तिथे अनवाणी पाय असतात आणि पाहुण्यांची नजरही जाते. फक्त विहिरीचं पाणी एप्रिल-मेमध्ये मचूळ होत असेल तर त्या दोन महिन्यांत जाळी अधूनमधून टाकीच्या गोड्या पाण्याने धुवायला सांगा. फिनिश जितकं गुळगुळीत तितकं चांगलं. ब्रशच्या खोल रेघांत मीठ अडकून बसतं. इलेक्ट्रोपॉलिश (वीज आणि आम्लाने केलेलं पॉलिश) परवडलं तर उत्तमच. पण गुळगुळीत आणि सपाट पत्र्यावर शेवाळ धरलं की पाय घसरतो, म्हणून मोठ्या पत्र्याला चार भोकं असली जाळी नको. अरुंद पट्ट्यांची, पट्ट्यांमध्ये आठेक मिलिमीटर फट असलेली घ्या. वाळू त्यातून खाली जाईल, म्हणून गटाराच्या शेवटी उचलता येणारी बादली किंवा गाळाचा खड्डा ठेवा. वाळू पाइपात गेली की जाळी कितीही भारी असली तरी पाणी वर येणार.

स्टेनलेसचं काम करून घेताना फॅब्रिकेटरला तीन गोष्टी बजावा. लोखंडावर वापरलेली ग्राइंडरची चकती एस.एस.वर चालवायची नाही, लोखंडाचे कण रुतून बसतात आणि आठवड्यात गंज दाखवतात. वेल्डिंगला ३१६एलचीच (कमी कार्बनच्या ३१६ ची) तार. आणि वेल्डिंगचे निळे-तपकिरी डाग पिकलिंग पेस्टने काढून, धुऊन मगच माल द्यायचा, कारण डागाखाली संरक्षक थर नसतो. पेस्टमध्ये हायड्रोफ्लोरिक आम्ल असतं, तेव्हा हे काम हातमोजे-चष्मा घालून त्याच्या वर्कशॉपमध्येच होऊ द्या, तुमच्या अंगणात नको.

एवढं सगळं केल्यावर जाळीची वाट लावतो तो शेवटचा दिवस. फरशीचं काम संपलं की सिमेंटचे डाग काढायला गवंडी ॲसिड ओततो. ते हायड्रोक्लोरिक आम्ल, म्हणजे थेट क्लोराइड. वाहत वाहत गटारात जातं आणि जाळीखाली वाफ धरतं. नवीकोरी ३१६ एका दुपारी काळी पडते. गॅल्वनाइज्डचं जस्त तर त्यात फेसाळत विरघळतं. म्हणून फ्रेम बसवली तरी जाळ्या खोलीत ठेवा, फ्रेमवर टेप आणि प्लायवुडची पट्टी ठेवा, आणि ॲसिडने धुणं झाल्यावर भरपूर पाणी मारूनच जाळ्या घाला. संडास साफ करायचं ॲसिड शॉवरच्या जाळीवर पडू नये हेही साफसफाई करणाऱ्या बाईंना सांगून ठेवा.

गेटकडे येऊ. गाडी तुमची असेल हलकी, पण त्या गेटातून आधी जांभ्याच्या चिऱ्यांचा ट्रक येणार, मग वाळूचा, आणि नंतर दर काही वर्षांनी सेप्टिक टँक उपसणारा टँकर. दोन धुऱ्यांच्या ट्रकला आपल्याकडे २०१८ पासून १८.५ टन एकूण वजनाची मुभा आहे, त्यातले ११.५ टन मागच्या धुरीवर. म्हणजे एका बाजूच्या जोडचाकावर पावणेसहा टन. वजनमर्यादा पाळणाऱ्या ट्रकचा हा हिशोब. चिऱ्यांचे ट्रक किती पाळतात ते तुम्हाला माहीत आहेच.

जाळ्यांच्या ताकदीचे वर्ग युरोपच्या ईएन १४३३ मानकात आहेत: ए१५, बी१२५, सी२५०, डी४०० आणि पुढे. आकडा म्हणजे चाचणीत दाबून बघताना लावलेला भार, किलोन्यूटनमध्ये (एक किलोन्यूटन म्हणजे साधारण शंभर किलोचा भार). चाकाचं वजन तेवढं असा त्याचा अर्थ नाही; त्यात धक्का, ब्रेक, झीज यांचाही हिशोब धरलेला असतो. पायी माणसांना ए१५, मोटारींच्या पार्किंगला बी१२५, ट्रक येणार असेल तर किमान सी२५०. आपल्याकडे बिडाच्या मॅनहोल झाकणांना एल.डी.-२.५, एम.डी.-१०, एच.डी.-२०, ई.एच.डी.-३५ असे टनांतले वर्ग असतात, आणि दुकानदार जाळ्यांनाही तीच भाषा वापरतात. त्या भाषेत गेटला एच.डी. मागा. ‘हेवी आहे हो, काय होत नाही’ हा वर्ग कुठल्याही मानकात नाही.

बिडाचे दोन प्रकार आहेत हे दुकानात सहसा सांगत नाहीत. साधं करडं बीड ठिसूळ. बिडाचा तवा हातातून पडला तर तुटतो, वाकत नाही. जाळीही तशीच, धक्क्याने एकदम तुटते. एस.जी. आयर्न, म्हणजे डक्टाइल आयर्न, ओततानाच त्यात मॅग्नेशियम घालतात, त्यामुळे आतलं ग्रॅफाइट गोळ्यांच्या रूपात राहतं आणि धातू तुटण्याआधी वाकतो. त्याच ताकदीला ते पातळ आणि हलकंही बनतं. कोल्हापूर आणि बेळगावच्या फाउंड्र्या दोन्ही ओततात, तेव्हा आंबोली किंवा फोंड्याचा घाट उतरून माल येणं अवघड नाही. गंजाच्या बाबतीत दोन्ही साधारण सारखी: वरचा थर तांबूस होतो, मग वेग मंदावतो, आणि जाडी मुळातच भरपूर असल्याने आयुष्य मोठं. मात्र फिकट फरशी असेल तर पहिली एक-दोन वर्षं तांबड्या ओघळांचे डाग पडणारच. गेटमध्ये काळा डांबरी किंवा पेव्हर ब्लॉकचा रस्ता असेल तर कुणाला दिसणार नाहीत. जांभ्याच्या फरशीवर तर मुळीच नाहीत. एक धोका चोरीचा. बिडाला भंगारात गिऱ्हाईक असतं, आणि घर वर्षातले सहा महिने बंद राहणार असेल तर जाळी बोल्टने किंवा बिजागरीने फ्रेमला अडकलेली हवी.

एस.जी. आयर्न मापात मिळालं नाही तर हॉट डिप पट्टीची जाळी गेटलाही चालते, पट्टीचं माप बरोबर असेल तर. पट्टीची ताकद उंचीच्या वर्गाने (उंची × उंची) वाढते आणि ताठपणा घनाने (उंची × उंची × उंची). २५ ऐवजी ४० मिलिमीटर उंच पट्टी घेतली की ताकद अडीचपट आणि ताठपणा चौपट, लोखंड मात्र दीडपटच्या आसपास. गटाराची आतली रुंदी २०० मिलिमीटर धरली तर ४०×५ ची पट्टी, ३० मिलिमीटरच्या अंतराने, ट्रकचं चाक आरामात झेलते. २५×३ ची पट्टी पडवीसमोर ठीक आहे, गेटमध्ये ती वाकून पन्हळ होईल. आणि पट्ट्या गटाराच्या आडव्या, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत टेकलेल्या हव्यात. हे लिहायची गरज पडू नये, पण दिसायला चांगलं म्हणून लांबीच्या दिशेने पट्ट्या टाकून आडव्या सळ्यांवर सगळा भार दिलेल्या जाळ्या सर्रास दिसतात.

गेटच्या गटारात पट्ट्या आडव्या म्हणजे चाकाच्या दिशेने समांतर. पाण्याला ते सोयीचं, उतारावरून धावत आलेलं पाणी फटीत नीट उतरतं. सायकलला मात्र गैरसोयीचं. ३० च्या अंतरात ५ ची पट्टी म्हणजे २५ मिलिमीटरची फट, आणि पोरांच्या बारीक टायरच्या सायकलचं चाक त्यात अडकू शकतं. म्हणून तिथे पट्ट्यांना जोडणाऱ्या सळ्या १०० ऐवजी ५० मिलिमीटरवर मागा, म्हणजे चाक आत उतरत नाही. पाहुण्यांत कुणी व्हीलचेअरवर येण्याची शक्यता असेल तर त्या वाटेवर फट १३ मिलिमीटरच्या आत ठेवा. बाकी ठिकाणी फार बारीक फटीचा आग्रह धरू नका. आंब्या-फणसाचा पाला आणि सुपारीची सोपं (झावळीच्या बुडाची रुंद आवरणं) बारीक जाळीवर चटईसारखी पसरतात, आणि पहिल्याच मोठ्या सरीत पाणी जाळीवरून पडवीत येतं. मोठ्या फटीतून पाला आत जातो हे खरं, पण आतला पाला जाळी उचलून काढता येतो. पडवीसमोर मी १८ ते २० मिलिमीटर फट ठेवतो. बेडूक आणि खेकडे आत-बाहेर करतील. त्यांना कुठलीही जाळी अडवत नाही.

गटार किती मोठं हवं, ते जाळीआधी ठरवा. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लिटर पाणी, बाकी सगळा त्रैराशिकाचा खेळ. छप्पर आणि अंगण मिळून २०० चौरस मीटर पाणी एका गटाराकडे येत असेल आणि सर ताशी १०० मिलिमीटरची धरली तर सेकंदाला साडेपाच लिटरहून थोडं जास्त पाणी झालं. मुंबईची जुनी गटारं ताशी २५ मिलिमीटरला बांधलेली आणि नंतरचं नियोजन ५० चं, आणि २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पडला, हे लक्षात ठेवून मी घरालाही १०० च्या खाली धरत नाही. सिमेंट गिलाव्याचं १०० बाय १०० मिलिमीटरचं गटार, दोनशेला एक उतार असेल तर, काठोकाठ भरून जेमतेम तेवढंच पाणी वाहतं. १५० बाय १५० चं जवळपास तिप्पट. म्हणून पडवीसमोर १५०, आणि गेटमध्ये रस्त्याचंही पाणी येत असेल तर २००. उतार तळाला द्या, जाळीचा माथा पडवीशी समांतर राहू द्या.

बसवताना फरशीचा माथा जाळीपेक्षा तीनेक मिलिमीटर वर ठेवा, म्हणजे पाणी जाळीकडे येतं आणि चाकाचा मार थेट फ्रेमच्या कडेला बसत नाही. गेटमध्ये जांभ्याचा चिरा फ्रेमला थेट भिडवू नका. चिरा मऊ, चाकाखाली कड झिजते. दोन्ही बाजूंना किमान १५० मिलिमीटरची काँक्रीटची पट्टी ओता, फ्रेमचे पाय त्यात रुतवा, आणि चिरा त्यापलीकडे. त्या काँक्रीटला खाडीची वाळू अजिबात नको, तिच्यातलं मीठ फ्रेमला आतूनच लागेल.

वेगवेगळे धातू एकमेकांना टेकतात तिथेही जपा. एस.एस.ची मोठी जाळी गॅल्वनाइज्ड फ्रेमवर ठेवली आणि मध्ये खारं पाणी आलं की फ्रेमचं जस्त झपाट्याने जातं, कारण स्टेनलेसचं क्षेत्र मोठं आणि जस्ताचं छोटं. उलट गॅल्वनाइज्ड जाळीला एस.एस.चे चार बोल्ट लावले तर फारसं बिघडत नाही. म्हणून शॉवरला फ्रेमही ३१६ चीच. बोल्ट सगळीकडे ३१६ चे, आट्यांना ग्रीस लावून, नाहीतर तीन वर्षांनी छिन्नीने तोडावे लागतात. जाळी टेकते तिथे ईपीडीएम रबराची पट्टी घातली की खडखडाटही थांबतो आणि धातूला धातू घासतही नाही.

जाळीचा एक तुकडा अर्ध्या मीटरहून लांब नको, निदान पडवीसमोर तरी. ३०० रुंद, ३२×५ पट्टीची एक मीटर जाळी चौदा किलोच्या आसपास भरते. घरातली म्हातारी माणसं ती उचलत नाहीत, आणि उचलली गेली नाही की साफ होत नाही. दर दोन-तीन तुकड्यांमागे एकाला बोट घालायला खाच ठेवा.

मासळी बाजारासारख्या जागेचंही तुम्ही ओझरतं विचारलं आहे. हर्णै किंवा मिरकरवाड्यासारख्या बंदरावर फरशी समुद्राच्याच पाण्याने धुतली जाते, बर्फाचं पाणी आणि ब्लीचिंग पावडर त्यात भर घालतात. तिथे मी धातूच सुचवत नाही, फायबरची म्हणजे एफ.आर.पी.ची जाळी घाला. ती भंगारात जात नाही, त्यामुळे चोरही येत नाही. ट्रक जाणाऱ्या पट्ट्यात तेवढं एस.जी. आयर्न.

कोटेशन मागवताना फॅब्रिकेटर लोखंड किलोवर देतात आणि एस.एस. रनिंग फुटावर, त्यामुळे तुलना होत नाही आणि फुटाच्या दरात पट्टी हळूच पातळ होते. सगळ्यांकडून दोन्ही मागा: फुटाचा दर आणि एका फुटाचं वजन. पट्टीचं माप, पट्ट्यांतलं अंतर, फ्रेमचा अँगल, धातूचा ग्रेड, डिपिंगचं मानक आणि भाराचा वर्ग कागदावर लिहून द्या आणि त्यावर सही घ्या. मापं गटाराचा गिलावा झाल्यावर घेऊ नका. फ्रेम आधी बनवून आणा आणि तिच्याभोवती गटार ओता, म्हणजे जाळी आणि फ्रेम एकमेकींत नक्की बसतील. डिपिंगचा वेळ धरता मे महिन्यात काम संपवायचं असेल तर ऑर्डर मार्च सरायच्या आत गेली पाहिजे. शिमग्याला इथले वेल्डर गावी आपापल्या मांडावर असतात, तेही धरून चाला.